नरसव्वा नावाचा टॉवेल

उन्हाळ्यात मामा स्टिकरचे रोल छत्रीखाली धरून आणायचे आणि स्वतः उन्हातून चालायचे. आमच्या टॉवेलच्या कारखान्यात ऑफिसपासून गोडाऊनमधल्या आमच्या खोलीपर्यंत मोकळं पटांगण आहे, सावलीला झाड नाही. सोलापूरचं मे महिन्याचं ऊन. रोल काखेत धरलेले, छत्री तिरपी करून बरोबर रोलांवर, आणि डोक्यावर नुसती टोपी. आत येईपर्यंत सदरा पाठीला चिकटलेला असायचा. खोलीत पाय ठेवला की आमची रुक्साना सुरू व्हायची.

"क्या मामा, छत्री रोलकू होना, तुमना नक्को?"

मामा रोल कपाटात ठेवायचे, कपाटाला हात लावून गार आहे का बघायचे आणि मग म्हणायचे, "मी काळा पडलो तर काय बिघडतंय? हे काळं पडलं की मुकं होतंय."

ते खरं होतं. त्या कागदाला ऊन लागलं की तो काळा पडायचा, मग त्यावरच्या रेघा बंदुकीला वाचता यायच्या नाहीत. बंदूक म्हणजे बारकोड वाचायचं यंत्र. लाल उजेड पडायचा, टींग वाजायचं आणि कॉम्प्युटरवर त्या टॉवेलचं नाव यायचं. टींग वाजलं की मामा म्हणायचे, "बोलली." वाजलं नाही तर, "मुकी हाय, काढ." त्यांच्याकडे चिठ्ठ्यांच्या या दोनच जाती होत्या, बोलणाऱ्या आणि मुक्या. आम्हीही तसंच म्हणायला लागलो.

ते आमच्या कोणाचेच मामा नव्हते. सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकरांच्या घरातले, घरी तेलुगू बोलणारे. आधी ते डिझाइनखात्यात होते. मागावर नक्षी उमटावी म्हणून पुठ्ठ्याला भोकं पाडायचं काम त्यांनी तरुणपणापासून केलं. नंतर ते काम कॉम्प्युटरवर गेलं. त्याच सुमारास पुण्या-बेंगळुरूच्या मोठ्या दुकानांनी सांगितलं की प्रत्येक नगावर बारकोड पाहिजे, नाहीतर माल घेणार नाही. मोठ्या मालकांनी मामांना बोलावून बारकोडच्या खोलीत बसवलं. मामांना त्यात काही वेगळं वाटलं नाही. "भोकं गेली, रेघा आल्या," म्हणाले. "ज्याला वाचता येतंय त्याला सगळी नक्षीच."

मी होटगीची. चौथीनंतर शाळा सुटली. चारचौघांत मला बोलता येत नाही, तोंड उघडायच्या आधीच कान गरम होतात. कामावर आले त्या दिवशी मामांनी सगळ्या बायकांना एकेक प्रश्न विचारला. मला विचारलं तेव्हा मी खाली बघत उभी राहिले. बाकीच्या हसल्या. मामा म्हणाले, "ही माझ्याजवळ बसंल. मला बंदुकीचा आवाज ऐकू आला पाहिजे." तेव्हापासून मी त्यांच्या डाव्या हाताला बसले. मी चिठ्ठी लावायची, त्यांनी बंदूक धरायची.

चिठ्ठी तिरकी लागलेली त्यांना चालायची नाही. बंदूक तिरकीसुद्धा वाचते, हे आम्हाला माहीत होतं आणि त्यांनाही. तरी ते टॉवेल परत सरकवायचे. "लेकराला टोपी घालताना अशीच घालती का ग?" रागावून नाही, खरंच विचारल्यासारखं विचारायचे. मी चिठ्ठी काढून सरळ लावायची.

घरून येताना ते खिशातून बिस्किटाच्या पुड्याचा, साबणाचा, चहाच्या पाकिटाचा कागद आणायचे. जेवणाच्या सुट्टीत त्यावर बंदूक धरायचे. टींग वाजायचं, पण कॉम्प्युटरवर नाव यायचं नाही, कारण तो माल आमच्या मशिनला ठाऊक नव्हता. मामा मान हलवायचे. "बोलतंय तर खरं. पर परगावचं हाय, आपल्याकडं ओळख न्हाई."

रुक्साना एकदा म्हणाली, "मामा, मेरे मरदकू लगाके देखो ना. घर में तो मुका ही है."

"घेऊन ये," मामा म्हणाले. "आधी ऊन लागलंय का बघू."

आम्ही किती हसलो. मामा हसले नाहीत. ते विनोद करून कधी हसायचे नाहीत, त्यामुळे तो विनोद होता की नाही हेही आम्हाला कळायचं नाही.

हे नंबर कंपनीला विकत घ्यावे लागतात, हे आम्हाला त्यांनीच सांगितलं. आकडे विकत घ्यायचे म्हणजे काय ते आम्हाला पटेना. मामांनी समजावलं की जगात कुठंही तो नंबर दुसऱ्या मालाला असणार नाही, तो फक्त आपल्या त्या एका टॉवेलचा. नवीन डिझाइन निघालं की त्याला त्यातला एक नंबर द्यायचा आणि मशिनमध्ये नाव घालायचं. नाव ठेवायचं काम मामांकडेच होतं. मोर, कमळ, रुद्राक्ष, जोंधळा अशी नावं त्यांनी ठेवली होती. नवीन नाव घालायच्या दिवशी ते नळावर जाऊन हातपाय धुऊन यायचे.

आणि बंदूक वाजली की ते नाव मोठ्यानं घ्यायचे. याची काही गरज नव्हती. मशिन स्वतःच मोजत होतं. पण टींग झालं की मामांचा आवाज यायचाच. "मोर. मोर. मोर. कमळ." दिवसभर हे चालायचं. नवीन बायकांना पहिल्या आठवड्यात त्याचा त्रास व्हायचा. मग ते पंख्याच्या आवाजासारखं होऊन जायचं.

त्यात एक नाव होतं नरसव्वा. मरून रंगाचा छोटा टॉवेल, काठाला कोयऱ्या. बाकी सगळी नावं झाडाफुलांची, पाखरांची आणि हे एकच बाईचं. मोठ्या मालकांना वाटलं, देवीचं असेल. आम्हालाही तसंच वाटलं. इंग्रजी मला येत नाही, पण मशिनवरची ती ओळ मी सुरुवातीच्या अक्षरावरून ओळखायला लागले. ती आली की मामांचा आवाज बदलायचा. मोठा व्हायचा नाही, जरा सावकाश यायचा. एखाद्याला जेवायला हाक मारावी तसा.

शेवटी रुक्सानानंच विचारलं. "मामा, ये नरसव्वा कौन है जी?"

"टॉवेल हाय," मामा म्हणाले.

त्या दुपारी सगळ्या जेवायला बाहेर गेल्या. मी आतच डबा खायची. मामा बंदुकीची काच पुसत होते. तिच्यावर कापसाचं तूस बसायचं. माझ्याकडे न बघता ते बोलायला लागले. मी उलट काही विचारत नाही म्हणून लोक माझ्याजवळ असं बोलतात.

"आमच्या हिचं नाव ते. गेली ती. आमच्यात जुन्या लोकांत नवरा-बायकू एकमेकाचं नाव घेत न्हाईत. मी तिला 'एमे' म्हणायचो. म्हंजे 'अगं'. सगळं आयुष्य एमे, एमे. दवाखान्यात नर्सनं विचारलं, आजीचं नाव काय? मला सांगताना जड गेलं बघ. तोंडाला सवयच न्हाई. ती खाटेवरनं माझ्याकडं बघत होती. हसली. त्या दिवशी तिच्यासमोर पयल्यांदा घेतलं मी ते."

मी डब्याचं झाकण लावलं. काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "चांगलं हाय नाव."

"हाय की," मामा म्हणाले आणि काच पुसत राहिले.

त्यांचा मुलगा पुण्याला असतो. त्याला मुलगी झाली तेव्हा मामा नवीन धोतर नेसून बारशाला गेले. त्यांच्या लोकांत आजी गेली की पुढच्या नातीला तिचं नाव देतात. नाव मोकळं ठेवत नाहीत, असं मामा म्हणायचे. जाताना त्यांनी मरून रंगाचा एक टॉवेल विकत घेऊन पिशवीत ठेवला होता, बाळाला गुंडाळायला. परत आले तेव्हा आम्ही सगळ्या त्यांच्याभोवती जमलो. पेढे दिले त्यांनी.

"नाव काय ठेवलं मामा?"

"मायरा."

"मायरा म्हंजी?"

"म्हंजी मायरा." मग थोड्या वेळानं म्हणाले, "मुलगा म्हणाला, नरसव्वा ठेवलं तर शाळेत पोरं हसतील. खरं हाय. हसतीलच." आणि बंदूक उचलली. त्या दिवशी मरूनचा माल होता. संध्याकाळपर्यंत ते नाव घेत होते, आणि आमच्यापैकी कोणी वर बघत नव्हतं.

पुढच्या वर्षी त्या टॉवेलची मागणी थांबली. दुकानाला मरून रंग नको होता, सगळ्यांना फिके रंग पाहिजे होते. शेवटचा खोका गेला. मामांनी प्रत्येक नग वाजवला, प्रत्येक वेळी नाव घेतलं आणि खोक्याला पट्टी मारली. नंतर मोर होते, कमळ होतं, पण मामांचा आवाज कमी येऊ लागला. कधी टींग व्हायचं आणि पुढं काहीच नाही. नवीन बायका म्हणाल्या, बरं झालं, डोकं शांत राहतं. मला तसं वाटलं नाही. मी मुद्दाम चिठ्ठी तिरकी लावून बघितली. त्यांनी टॉवेल तसाच पुढं सरकवला.

मग मोठा निळा टॉवेल आला, अंगाला गुंडाळायचा. भारीतला माल. मोठे मालक तेव्हा आजारी असायचे, कारभार छोट्या मालकांकडे आला होता. त्यांनी सांगितलं, "मामा, याला नंबर टाका. सणाच्या आधी पुण्याला पोचला पाहिजे." मामा नळावर जाऊन हातपाय धुऊन आले. मशिनसमोर बराच वेळ बसले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या निळ्या टॉवेलला मी चिठ्ठी लावली, मामांनी बंदूक धरली. टींग. "नरसव्वा."

रुक्सानानं मान वर केली. "मामा, वो तो मरून था. ये नीला है."

"ही नात हाय," मामा म्हणाले.

आम्ही हसलो. आम्हाला वाटलं, नाव आवडतं म्हणून परत ठेवलं असेल. नंबर जुनाच दिलाय हे आम्हाला कळायचं कारण नव्हतं. चिठ्ठीवरच्या रेघा आम्हाला सगळ्या सारख्याच. आणि खरं सांगायचं तर ते दिवस चांगले गेले. मामा परत चिठ्ठ्या सरळ करायला लावू लागले. एकदा भडंग आणून सगळ्यांना वाटला. निळ्या टॉवेलांचे ढीग लागायचे आणि खोलीभर तेच नाव ऐकू यायचं, सकाळपासून संध्याकाळपर्यंत.

दुकानांच्या मशिनमध्ये मात्र तो नंबर अजून त्या छोट्या मरून टॉवेलचाच होता, त्या छोट्या टॉवेलच्या किमतीला. ऐन सणात गिऱ्हाईक मोठा निळा टॉवेल घेऊन आलं की काउंटरवर छोट्याचंच बिल निघत होतं. त्यांच्या लक्षात येईपर्यंत बराच माल विकला गेला. मग फोन आले. उरलेला माल टेम्पो भरून परत आला, आणि पुढची ऑर्डर देऊ की नाही ते नंतर सांगू, असा निरोप आला.

छोटे मालक गोडाऊनमध्ये आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. ते वाईट माणूस नाहीत. "हा नंबर कोणी दिला? बंद झालेल्या मालाचा नंबर नवीन मालाला कोणी दिला?"

"मी," मामा म्हणाले. ते उभे राहिले होते.

"चुकून झालं का?"

आता मामांनी हो म्हणावं असं मला फार वाटत होतं. रुक्साना माझा हात दाबत होती. चुकून म्हटलं असतं तर निभावलं असतं.

"न्हाई. जाणून दिला."

"का पण? नवीन नंबर होते ना आपल्याकडे? पडून होते!"

"होते. पर हा मोकळा होता, मालक. आमच्यात नाव मोकळं ठेवत न्हाईत."

छोटे मालक त्यांच्याकडे बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "मामा, माल बंद झाला तरी नंबर त्याचाच राहतो. तो दुसऱ्याला द्यायचाच नसतो. नियमच आहे तो."

"कधीच न्हाई?"

"कधीच नाही."

मामांनी मान हलवली. "हे मला ठावं नव्हतं," एवढंच म्हणाले. मला तेव्हा वाटलं की त्यांना ओरडा खाल्ल्याचं काही नाही, त्या 'कधीच नाही'चं काहीतरी झालं.

परत आलेल्या प्रत्येक टॉवेलवर जुनी चिठ्ठी झाकून नवी लावायची होती. जुनी ओढून काढली की टॉवेलचे धागे निघायचे, म्हणून वरूनच लावायची, पण अशी की खालची एकही रेघ दिसता कामा नये. मामा खुर्चीवरून उतरून आमच्यात जमिनीवर बसले. आम्ही म्हटलं, मामा तुम्ही बंदूक धरा, आम्ही लावतो. "न्हाई. हे मी करतो," म्हणाले. बंदूक त्यांनी माझ्या हातात दिली. त्या दिवसापर्यंत मी तिला हात लावला नव्हता.

ते चिठ्ठी लावायचे, अंगठ्यानं चारी कोपरे दाबायचे आणि माझ्याकडे सरकवायचे. नव्या नंबराचं नाव छोट्या मालकांनी इंग्रजीतलं काहीतरी ठेवलं होतं. मी बंदूक धरायची, टींग व्हायचं, मामा पुढचा टॉवेल घ्यायचे. नाव कोणीच घेत नव्हतं. रुक्साना मामांच्या हाताशी पुढचे टॉवेल आणून ठेवत होती.

एका टॉवेलवर नवी चिठ्ठी जरा वर सरकली होती. बंदूक वाजली आणि मशिनवर जुनीच ओळ आली. सुरुवातीचं ते अक्षर मी ओळखलं. मी मामांकडे बघितलं. त्यांनी मशिनकडे बघितलं. आता ते नाव घेतील असं मला वाटलं. त्यांनी टॉवेल माझ्या हातातून परत घेतला, वर आणखी एक चिठ्ठी लावली आणि अंगठ्यानं दाबली. दाबतच राहिले.

"मामा, झालं," मी म्हटलं. "बसलं ते."

"बसलं का?"

"व्हय."

मग त्यांनी अंगठा उचलला.

त्यानंतर बारकोडच्या खोलीत कोर्स केलेली एक मुलगी आली. ती चांगली आहे, कामाला हुशार. मामांना गेटवर बसवलं. छोटे मालक म्हणाले होते, पगार तोच राहील. गेटवर त्यांना काम असं नव्हतं. येणाऱ्या-जाणाऱ्या गाडीकडे बघायचं. मी सुट्टीत त्यांच्यासाठी चहा घेऊन जायची. ते कप घ्यायचे आणि विचारायचे, "बंदुकीची काच पुसती का ती?" मी हो म्हणायची. आमचं बोलणं तेवढंच. संक्रांतीनंतर त्यांनी यायचं बंद केलं. मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला, असं कळलं. पुढच्या उन्हाळ्यात तिथेच ते गेले. रुक्सानाला त्यांच्या गल्लीतल्या कोणीतरी सांगितलं आणि तिनं खोलीत येऊन आम्हाला सांगितलं. मुलगी बंदूक वाजवत होती, तिनं ती खाली ठेवली. ती मामांना नीट ओळखतही नव्हती, तरी ठेवली.

पावसाळा संपता संपता त्यांचा मुलगा फंडाच्या कागदांवर सह्या करायला आला. तो वर ऑफिसात गेला आणि त्याची बायको लहान मुलीला घेऊन आमच्या खोलीत बसली. वर खुर्ची रिकामी नव्हती म्हणून. सूनबाई पंजाबी ड्रेसमध्ये होत्या, दमलेल्या दिसत होत्या. मुलगी पाचेक वर्षांची. टॉवेलांच्या ढिगाला हात लावत फिरत होती.

रुक्सानानं तिला जवळ घेतलं. "नाम क्या तेरा?"

"मायरा."

"और अब्बा का?"

तिनं सांगितलं. आजोबांचंही सांगितलं, पूर्ण, आडनावासकट.

"और दादी का? आजीचं नाव?"

मुलगी विचारात पडली. आईकडे बघितलं, मग म्हणाली, "आजी."

"आजी तो सबकी रहती. नाव काय तिचं?"

"आजीच," मुलगी म्हणाली.

रुक्साना सूनबाईंकडे बघायला लागली. तिचं बघणं फार रोखून असतं. मला भीती वाटली की ही आता काहीतरी बोलून बसेल. पण सूनबाईंनीच मान खाली घातली.

"मी कसं सांगू हो? आमच्यात सून सासूचं नाव घेत नाही. मला माझ्या आईनं बजावून पाठवलंय. मायराला ते नाव ठेवलं असतं तर रोज हाक कशी मारणार होते मी? हे तर आईला आईच म्हणायचे. बाबा शेवटी शेवटी पडून होते तेव्हा एकटेच काहीतरी बोलायचे, तेलुगूत. माझं सगळं बालपण पुण्यात गेलं, मला नीट कळायचं नाही. मग घरात ते नाव घेणार कोण?"

मला वाटत होतं, या बाईचा काही दोष नाही. बायको असेपर्यंत मामांनीही ते मानानंच घेतलं नव्हतं, आणि ही पण मानानंच घेत नव्हती.

सूनबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी दाराजवळ होते, सगळ्यांत मागे. मलाच का विचारलं, माहीत नाही. "मावशी, तुम्ही बाबांच्या शेजारी बसायच्या ना? ते सांगायचे, माझ्या डाव्या हाताला एक बाई बसते, बोलत नाही. तुम्ही सांगा तिला. तुम्हाला चालतं."

माझे कान गरम झाले. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मी पुढं गेले आणि मुलीसमोर खाली बसले, म्हणजे मला फक्त तीच दिसेल. मामा घ्यायचे तसं, सावकाश, मी ते नाव घेतलं.

"नर-सव्वा?" मुलगी म्हणाली.

"व्हय. नरसव्वा."

"नरसव्वा," तिनं परत म्हटलं, या वेळी नीट. ती हसली नाही. मागं सूनबाई उभ्या होत्या. नाव ऐकलं तसा त्यांचा हात ओढणीकडे गेला आणि त्यांनी ती डोक्यावरून घेतली.